पेशकारांच्या मंजूला वाचायला मी शिकवलं

मंजू पेशकार हिनं मला फसवलं. तेव्हा ती तिसरीत होती.

हसू आलं तर हसून घ्या. छावणीच्या बाजारात माझ्याशी भाव करायची वेळ आली की भले भले दुकानदार आधी पाणी पीत. अशा बाईला एका शेंबड्या पोरीनं गुंडाळलं, आणि ते इतकं बेमालूम की आज गुडघे गेले, दात गेले, तरी माझा राग जागच्या जागी आहे. नाव बदलून लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. मी बदललेलं नाही. चोरी झाल्यावर चोराला कुणी टोपणनाव देतं का?

आधी माझा धंदा सांगते. मी घरोघर जाऊन लहान मुलांकडून वाचून घेत असे. शिकवणी म्हटलं की लोकांना पाढे आणि गणितं आठवतात. माझं काम त्याच्या आधीचं. पहिली ते चौथीतली जी मुलं वाचताना अडतात, त्यांच्याकडून घरी वाचून घ्यायचं, श्रुतलेखन घ्यायचं आणि त्यांच्या घरच्यांना गप्प बसायला शिकवायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

मी काही डीएड वगैरे केलेलं नाही. माझे वडील पैठणला रेशीम रंगवायचे. घराला लागून शाळा होती ती मराठी, म्हणून मी मराठीत शिकले. उर्दू शाळा जवळ असती तर हाच राग मी उर्दूत लिहिला असता. लग्न होऊन छावणीत आले. माझे मालक शिलाईकाम करायचे आणि मी पिशवीत फॉल-परकर घेऊन घरोघर विकायचे. बाया साडीला फॉलचा रंग जुळवत बसायच्या, शेजारी त्यांचं पोरगं पुस्तक घेऊन अडखळत असायचं, आणि मी भाव सांगता सांगता त्याला पुढचं अक्षर सांगून जायचे. एक दिवस एक बाई म्हणाली, "बानूबी, फॉल ऱ्हाऊ द्या. पोराला घ्या." तिथून सुरुवात झाली.

सगळीकडं असं सरळ झालं नाही. एका सासूबाईंनी दारातच अडवलं. "तुमच्यात तर उर्दू ना? तुम्ही काय मराठी शिकवणार?"

मी म्हटलं, "पुस्तक द्या. आणि उलटं धरा."

त्यांनी उलटं धरलं. मी पाठ वाचून दाखवला. त्यात जादू काही नव्हती. मी नेहमी मुलाच्या समोर बसते, शेजारी नाही. शेजारी बसलं की मूल पुस्तकाकडं न बघता आपल्या ओठांकडं बघतं. समोर बसून बसून उलटं वाचायची सवय लागते. पण सासूबाईंना ते मी सांगितलं नाही. धंद्यात सगळं सांगायचं नसतं.

पैशावर मी फार ताणत नसे. मी ताणायचे अटींवर. वाचन चालू असताना रेडिओ बंद. मधेच "जा, कोथिंबीर घेऊन ये" नाही. मूल अडलं की कुणी पुढचा शब्द सांगायचा नाही. एका आईला हे जमेचना. पोरगं वाचायचं आणि हिचे ओठ हलायचे. मी तिला तोंडात लवंग धरून बसायला लावलं. श्रुतलेखनाला मी साड्यांचे रंग घालायचे. डाळिंबी, मोरपंखी, श्रीखंडी, चिंतामणी. पुस्तकातले शब्द मुलांना पाठ असतात. चिंतामणी लिहिताना खरं काय येतं ते कळतं.

छावणीतले एक सुभेदार होते. त्यांचा मुलगा वाचायला लागला की खाड्कन उभा राहायचा, हात सरळ, मान ताठ, पुस्तक आईनं समोर धरायचं. घाबरून त्याला 'कमळ'सुद्धा वाचता येईना. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, बसून वाचू द्या त्याला."

"डिसिप्लीन जाईल."

"जाऊ द्या. अक्षर येईल."

दोघंही हटेनात. शेवटी पहिला परिच्छेद सावधानमध्ये आणि बाकीचा विश्राममध्ये असं ठरलं. महिन्याभरात पहिला परिच्छेद आपोआप गळाला. सुभेदारांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला बाजारातल्या लोकांसमोर सलाम ठोकला. सलाम घ्यायला मला आवडतं. उगीच कशाला खोटं बोलू?

पण एक अट मी कधीच सोडली नाही. मी येईन, शिकवीन, पण रोज घरातल्या एका माणसानं मुलाचं वाचन ऐकायला बसलंच पाहिजे. मी घडीभराची पाहुणी. वाचन घरात रुजायचं तर घरातला कान लागतो. ही अट कबूल नसेल तर मी पिशवी उचलायचे. आणि याच अटीनं माझा घात केला.

पेशकारांचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. मंजूची आई सुशीलावहिनी माझ्याकडून परकर घ्यायची. एक दिवस शाळेतून निरोप आला की मंजूला वाचता येत नाही, तिला तिसरीतच बसवावं लागेल. वहिनी माझ्यावरच चिडली, जणू निरोप मी धाडला होता.

"काहीतरीच! पोरगी सगळे धडे धाडधाड वाचती. ऐका तुम्हीच. मंजे, वाच गं."

मंजूनं पुस्तक उघडलं आणि धडा खरोखर धाडधाड म्हटला. स्वल्पविरामासकट. मी चित्रावर हात ठेवला आणि मधली एक ओळ दाखवली. "इथून वाच."

मंजू माझा हात सारून चित्र बघायला लागली.

"ह्यातलं हे एक अक्षर कोणतं?"

ती माझ्याकडं बघून गोड हसली. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली होती. वर्गात दुसऱ्यांचं ऐकून धडा पाठ करायचा आणि चित्र बघून सुरू करायचा. अशी मुलं मठ्ठ नसतात, उलट फार हुशार असतात. हुशार असतात म्हणूनच तिसरीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

वहिनीचा राग उतरला. सौदा तिथंच झाला. मी म्हटलं, "रोज ऐकायला कोण बसणार?"

"मला शिवणक्लास. ह्यांची कचेरी."

"मग मला नाय जमायचं."

"अहो, आता आबांना का बसवू? त्यांना मराठी वाचता येत नाय."

आबा म्हणजे मंजूचे आजोबा. पोलीस ॲक्शनच्या आधी ते तहसिलीत पेशकार होते. पेशकार म्हणजे साहेबापुढं कागद मांडून वाचून दाखवणारा कारकून. घरी बोली मराठी, पण शाळा उर्दू, कचेरी उर्दू, सगळी अक्कल त्या लिपीत. निजामाचं राज्य गेलं, हळूहळू कचेरीतले कागद बदलले आणि ज्या माणसाच्या तोंडून अर्ध्या तालुक्याचे हुकूम ऐकले जात, त्याला देवनागरीत एक ओळ लावायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागायला लागला. नोकरी कशीबशी संपवून ते घरी बसले. आधी घरात त्यांच्यासाठी उर्दू पेपर येई, मग मुलानं तो बंद केला. गल्लीत मात्र त्यांना अजून सगळे पेशकारसाहेब म्हणत. उन्हाळ्यातही शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून ते ओसरीत बसलेले असत.

मी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "चालतील."

"अहो, पण ते चुका कशा काढणार?"

"चुका काढायला मी आहे. त्यांनी फक्त ऐकायचं."

हा माणूस सौद्यात मीच घेतला, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पुढं काही महिने मी मंजूवर जी मेहनत केली ती मला आणि माझ्या घशाला माहीत. अक्षरं सुटी केली, काने-मात्रे लावले, जोडाक्षरांना आगपेटीच्या काड्या जोडून दाखवल्या. पोरगी शिकत होती, पण कंटाळत. मी निघाले की जीव सुटल्यासारखी उड्या मारायची. संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवायचं असे. पुस्तकाचा आजोबांनाही कंटाळा आला. म्हणाले, "बेटा, ये चिडिया-कौवे का बहुत हो गया. पेपर वाच. दुनियेत काय चाललंय ते तरी कळू दे."

इथं मंजूनं तिचा जुना धंदा नव्यानं सुरू केला. पेपर पाठ करता येत नाही, म्हणून ती तो रचायला लागली. समोर पेपर धरायचा, एखादा मोठा मथळा खरा वाचायचा आणि पुढं मनातलं सांगत जायचं. पैठणच्या धरणात मगर सापडली. फर्दापूरला हत्तीवरून पाव्हणे आले. आबा मान डोलवत ऐकायचे. "वा! आगे?" आगे काय, मंजू सांगेल ते.

दिवाळी तोंडावर आली होती आणि घरोघर रॉकेलची बोंब होती. वहिनी दिवसभर रॉकेलच्या नावानं कपाळ बडवायची. एका संध्याकाळी मंजूनं आजोबांना बातमी वाचून दाखवली की उद्या सकाळी छावणीच्या रेशन दुकानात सगळ्यांना दिवाळीचं जादा रॉकेल मिळणार.

आबा तसेच उठले आणि चहाच्या हॉटेलात जाऊन त्यांनी ही बातमी जाहीर केली. पेशकारसाहेब पेपरातलं सांगतायत म्हटल्यावर कोण शंका घेणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर डबे, कॅन, बरण्या घेऊन सगळी गल्ली उभी. सर्वांत पुढं आबा, शेरवानी घालून, हातात डबा. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती.

ऊन चढलं तशी कुजबुज वाढली. कुणीतरी कालचा पेपर आणला. एका पोरानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचला. रॉकेलचा थेंबसुद्धा नव्हता. मागून एकजण ओरडला, "पेशकारसाहेब, सवयीनं उजवीकडून वाचलं वाटतं!" सगळी रांग हसली. मीही डबा घेऊन रांगेत होते. मी हसले नाही, कारण मला कळून चुकलं होतं हे कुणाचं काम आहे.

आबा एवढंच म्हणाले, "माझीच ऐकण्यात गलती झाली. तकलीफ माफ करा." आणि रिकामा डबा घेऊन निघाले.

मी त्यांच्या पाठोपाठ गेले. मला मंजूला दोन रट्टे द्यायचे होते, आणि ती वेळ माझ्या शिकवणीचीच होती. आम्ही पोचायच्या आत गल्लीतल्या पोरांनी येऊन तिला सगळं सांगितलं होतं. ती ओसरीत भिंतीला चिकटून उभी होती. आबांनी डबा ठेवला, टोपी काढून खुंटीला लावली, आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले, "आज का पेपर आला का? वाच बेटा."

रागावले नाहीत, कालच्या बातमीचं नाव काढलं नाही. कालच्यासारखंच मान थोडी तिरकी करून ऐकायला बसले.

मंजूनं पेपर उचलला. ओळीवर बोट ठेवलं. एकेक अक्षर लावत, घाम गाळत, नाक ओढत ती वाचायला लागली. एका जोडाक्षराला अडली. मी तिच्या समोर सरकले, ते अक्षर मला उलटं दिसत होतं, ओठावर आलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाठ करून आजोबांकडं तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून ओळ धरली. आबा थांबले होते. त्यांना दिवसभर वेळ असल्यासारखे थांबले होते. तिनं ते वाक्य पुरं केलं. काहीतरी फालतू होतं, कुठल्याशा रस्त्याच्या डांबराचं. आबा म्हणाले, "अच्छा? रस्ता हो रहा है?" आणि पोरीचं तोंड असं उजळलं की मी पिशवी उचलून उठले.

इतके महिने मी त्या पोरीसमोर बसले होते. माझ्यासाठी तिचं तोंड एकदाही तसं उजळलं नव्हतं.

घरी येऊन मी आदळआपट केली. मालक मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "कायकू जलती तू? बच्ची पढ रही है ना?"

"पढ रही है, पण कुणासाठी?"

ते हसले. मी त्यांचा चहा परत नेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. मंजू, हातात घडी न उलगडलेला पेपर. "बाई, आबा फिरायला गेलेत. ते यायच्या आत मला हे सगळं वाचायला शिकवा."

म्हणजे असं. पेपर दारात पडला रे पडला की उचलायचा, माझ्याकडं पळत यायचं, अवघड शब्द माझ्याकडून काढून घ्यायचे, बातम्या दोन-दोनदा घोटायच्या, पेपर पुन्हा घडी करून ओसरीत टाकायचा आणि मग आजोबांना झरझर वाचून दाखवायचं. मी जमिनीवर बसायचे, ती समोर, शेजारी मालकांचं मशीन चालू. 'अर्थसंकल्प' आम्ही तीन तुकडे करून शिकलो. 'पाटबंधारे' तिला आवडायचं, उगीच पुन्हा पुन्हा म्हणायची. सुट्टी नाही, आजारपण नाही. ही शिकवणी मी कुणाशी ठरवलेली नव्हती. आयुष्यात मी एवढंच काम सौदा न करता केलं.

पहिल्याच दिवशी जाताना ती दारातून परत आली होती. "बाई, आबांना सांगू नका हां. त्यांना वाटलं पायजे मला आपोआप येतंय."

"बरं."

"आईलाबी नाय. कुणालाच नाय. शप्पथ घ्या."

घेतली. लहान पोरीला दिलेली शपथ, तिला काय वजन, असं मला वाटलं होतं.

हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन झालं. वर्गाच्या बाईंनी मंजूला स्टेजवर बोलावून कधी न पाहिलेला उतारा तिच्या हातात दिला. मंजूनं तो असा वाचला की मागच्या रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या. बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! ही पोरगी नापास होणार होती बरं का. मंजू, कुणी शिकवलं गं तुला?"

मी तिसऱ्या रांगेत होते. नवी साडी नेसले होते. खोटं कशाला सांगू, मी पदरही सारखा केला.

मंजूनं सरळ माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आबांनी."

टाळ्या पडल्या. आबा उभे राहिले, आदाब केला. त्यांच्या हातातला डबा बघून हसलेली तीच गल्ली टाळ्या वाजवत होती.

पुढच्या आठवड्यात सुशीलावहिनीनं मला चहा दिला आणि चहाबरोबर निरोपही. "बानूबी, आता तुम्हाला कशाला त्रास? आबा हायतच की." माझ्या ओठावर सगळं आलं होतं. शपथ आठवून मी ते गिळलं आणि चहा तसाच ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मंजू पुन्हा माझ्या दारात उभी! आईनं काढून टाकलं, पोरीनं सोडलं नाही. मी तिला हाकलून द्यायला हवं होतं, असं मालकांना वाटलं नाही, आणि माझ्या हातूनही ते झालं नाही.

गल्लीत त्यानंतर आजोबांची साथ आली. घरोघर म्हाताऱ्यांना पकडून पोरांपुढं बसवण्यात आलं. माझी तीन घरं सुटली. एक आजोबा दुसऱ्या ओळीला घोरायला लागायचे. एकांनी पोराला ऱ्हस्व-दीर्घावरून फटकावलं, ते पोरगं माळ्यावर जाऊन बसलं. एका आजीनं पोराला वाचूच दिलं नाही, स्वतःच्याच माहेरच्या गोष्टी सांगत राहिली. यथावकाश दोन घरं परत आली. "बानूबी, आमच्या म्हाताऱ्याला नाय जमत पेशकारसाहेबांसारखं." मी म्हणायचे, "कसं जमेल?" पुढचं बोलता येत नव्हतं.

मंजू चौथीत गेली आणि एक दिवस पहाटे आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला आता माझी गरज उरली नव्हती. धंद्याच्या हिशेबानं हे माझं यश. मूल आपल्याशिवाय वाचायला लागलं की काम झालं. पण मी बरेच दिवस पहाटे कडी काढून ठेवत होते.

हे सगळं मी आज का उकरून काढते आहे? गेल्या वर्षी या आपल्या छत्रपती संभाजीनगरात पालकांसाठी एक कार्यक्रम झाला. मुलांचं घरातलं वाचन, असा विषय. पाहुण्या मंजूताई. मोठ्या हुद्द्यावर काम करून निवृत्त झाल्यात, गावोगाव भाषणं देतात. मी नातसुनेला घेऊन गेले. मंजू छान बोलते. आवाज अजून तसाच स्वच्छ. तिनं आबांची गोष्ट सांगितली. रॉकेलची रांगसुद्धा सांगितली, न लाजता. सभागृह हसलं, मग रडलं. आणि शेवटी म्हणाली, "माझ्या आबांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी मला काही शिकवलं नाही. ते फक्त ऐकायचे. पालकांनो, तुम्हीही फक्त ऐका. मूल आपोआप वाचायला लागेल."

माझ्या शेजारची तरुण आई टाळ्या वाजवत म्हणाली, "किती सोप्पंय ना, आजी!"

कार्यक्रम संपल्यावर मी गर्दीतून वाट काढत गेले. तिनं मला ओळखलं. लगेच ओळखलं. "बाई! अजून छावणीतच का तुम्ही?" माझे हात हातात घेतले, वाकून नमस्कार केला. मग कुणीतरी फोटोला ओढून नेलं. मी फोटो संपायची वाट बघितली. नातसून म्हणाली, "चला आजी, रिक्षा मिळायची नाही."

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगा आहे, तिसरीतला. त्याची आई त्याच कार्यक्रमाला आली होती. ती रोज श्रद्धेनं ऐकायला बसते. पोरगा धाडधाड वाचतो. परवा मी गुडघे धरत खाली उतरले, चित्रावर हात ठेवला आणि मधली ओळ दाखवली. तो माझ्याकडं बघून गोड हसला. त्याची आई म्हणते, "आजी, ताईंनी सांगितलंय मधे बोलायचं नाही."

म्हणून आता ज्या गोष्टीबद्दल मी आजवर तोंड उघडलं नव्हतं, ती लिहिते.

वहिनीनं मला काढल्यावर थोड्याच दिवसांनी मी आबांशी भांडायला गेले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "पेशकारसाहेब, ऐकायचं काम तर मीसुद्धा करत होते. मग पोरगी तुम्हालाच का वाचून दाखवते?"

ते म्हणाले, "बानूबी, आप जाँचती हैं. मैं सुनता हूँ. तुम्हाला आधीच माहीत असतं काय लिहिलंय. मला नसतं."

"आणि जाँचणारी नसती तर तुम्हाला काय ऐकू आलं असतं? हत्ती आणि मगरी!"

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी शेजारचा पेपर उचलला आणि माझ्यासमोर झटकला. घडीतून शिलाईच्या दोऱ्याचे तुकडे पडले. लाल, हिरवे, एक मोरपंखी.

"रोज निकलते हैं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. शिलाईवाल्या दर्जीचं घर आमच्या गल्लीच्या पुढं एकच आहे. मला मराठी वाचता येत नाही बानूबी, पण हे वाचता येतं. पेशकार होतो मी." मग हात जोडले. "आपका एहसान है. पण बच्चीला कळू देऊ नका की मला माहीत आहे. तिला वाटतंय ती मला जग वाचून दाखवते. वाटू दे."

मी त्यांनाही शब्द दिला. नातीनं एका बाजूनं तोंड बांधलं, आजोबांनी दुसऱ्या बाजूनं. आभार मिळाले ते असे की कुणाला दाखवता येऊ नयेत. वर्षभरात आबा गेले. लोक त्यांना शेवटपर्यंत मंजूला वाचायला शिकवणारे पेशकारसाहेब म्हणाले, आणि मी मयतीत मान खाली घालून उभी राहिले. बायांना वाटलं मी रडते आहे. मी जळत होते.

मंजू, तुझे आबा गेले, तुझी आई गेली. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्यांनी ते तुझ्यासाठी लपवलं. माझ्या दोन्ही शपथा आज मी मोडल्या आहेत, त्याचं पाप माझ्या माथी. पण तू कुणासाठी गप्प आहेस? तुझ्या भाषणावर विश्वास ठेवून शहरभर आया नुसत्या ऐकत बसल्या आहेत आणि पोरं चित्रं बघून धडे म्हणतायत. मला तुझा नमस्कार नको, शाल नको, माझ्या घरी येऊन कानात सांगितलेलं तर मुळीच नको. ज्या स्टेजवरून तू ते बोललीस, त्याच स्टेजवर, तोच माईक हातात घेऊन, त्याच आयांसमोर उत्तर दे: आबांना पेपर वाचून दाखवायच्या आधी तू रोज पहाटे कुणाच्या घरी जात होतीस?